फिरत्या वहीचं त्रेचाळिसावं पान

आता मास्तर-बाईंचे मोबाइलवर गट असतात. कुणी वर्गात काही नवं केलं की दुपारपर्यंत ते जिल्हाभर पोचतं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागते. सत्त्याण्णव साली तसलं काही नव्हतं. रहिमतपूरच्या बाजूच्या बारा शाळांत मिळून एक वही होती.

ती नानासो पवारांनी सुरू केली. नानासो केंद्रप्रमुख, म्हणजे त्या बारा शाळांवर देखरेख ठेवणारे. माणूस उत्साही. गटसंमेलनाला सगळे शिक्षक चहा-बिस्किटं खाऊन उठतात, कुणी कुणाकडून काही शिकत नाही, हे त्यांना फार लागायचं. म्हणून त्यांनी जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची दोनशे पानी वही आणली. प्रत्येक पानावर स्वतःच्या हातानं आकडा घातला, केंद्राचा शिक्का मारला आणि पहिल्या पानावर नियम लिहिले. वर्गातला अनुभव एका पानात लिहावा. खाली नाव, शाळा लिहावी. वही दोन-तीन दिवस ठेवून पुढच्या शाळेला द्यावी. तिथल्यांनी समासात शेरा लिहून सही करावी. वही मागे नेऊ नये. पान फाडू नये.

सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. "आधीच कागद काय कमी काळे करतोय आपण?" असं म्हणत लोकांनी दोन-दोन ओळी खरडल्या. पण वर्षभरात वहीनं असं काही वेड लावलं की विचारू नका. दुसऱ्याच्या वर्गात काय चाललंय हे वाचायची गोडी लागली. वडापच्या, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या जीपमधून, सायकलच्या कॅरिअरवरून, कुणाच्या भाजीच्या पिशवीतून वही या गावाहून त्या गावाला जायची. आणि वही आली की आधी सगळे साळोबावाडीच्या संयोगिताबाईंचं पान शोधायचे.

संयोगिताबाई घोरपडे तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या. सासर रहिमतपूरचं, शेतीवाडीचं. सासरे सुभेदार होते, मालकही लष्करातून निवृत्त होऊन साखर कारखान्यावर लागलेले. बाई साळोबावाडीला चौदा वर्षं शिकवत होत्या. शिकवायच्या मन लावून, यात वाद नाही. पण चौदा वर्षांत त्यांना 'छान' असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी सासूबाई म्हणायच्या, "पोरास्नी अ आ इ शिकवायचं, त्यात काय डोंगर उचलायचाय?" वहीनं पहिल्यांदा त्यांना वाचक दिला. मुलांच्या गमतीजमती त्या अशा काही रंगवून लिहायच्या की वाचणारा हसून लोटपोट व्हावा. समासात शेरे यायचे. 'बाई, कमाल.' 'बाई, पुढचं पान कधी?' ते शेरे वाचताना बाईंचे कान गरम व्हायचे. मग हळूहळू असं झालं की वर्गात काही घडलं की त्यांच्या मनात आधी पान तयार व्हायचं आणि मूल नंतर दिसायचं.

त्रेचाळिसावं पान त्यांनी सप्टेंबरच्या शेवटी लिहिलं.

झालं होतं असं. चौथीला 'आमचे घर' हा निबंध दिला होता. स्वप्ना बनसोडे म्हणून एक मुलगी होती, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. अंगानं किरकोळ, पण अभ्यासात चलाख, अक्षर मोत्यासारखं. तिनं लिहिलं होतं, 'आमच्या घरात दोनशे सतरा पुस्तके आहेत. प्रत्येक पुस्तकाला नंबर आहे. एखादे पुस्तक सापडले नाही तर ते सापडेपर्यंत आजोबा जेवत नाहीत. मग आम्हीपण जेवत नाही.'

बाई वाचून हसल्या. मग त्यांनी स्वप्नाला उभं केलं.

"दोनशे सतरा?"

"व्हय बाई."

"मोजलीस?"

"व्हय बाई. नंबर हायत."

"अगं, आपल्या शाळेच्या कपाटात साठ नाहीत! कुणाच्या पुस्तकात वाचून लिहिलंस हे? निबंधात खोटं लिहू नये, किती वेळा सांगितलंय? जसं आहे तसं लिहायचं. गरिबीची लाज कशाला?" वर्ग खिदळला. बाईंनी निबंधावर आडवी लाल रेघ मारली. "जा, खरं लिहून आण."

दुसऱ्या दिवशी स्वप्नानं लिहून आणलं. 'आमचे घर लहान आहे. आमच्या घरात पुस्तके नाहीत.' बाईंनी दहापैकी आठ दिले, खाली 'छान' लिहिलं.

आणि वहीत पान लिहिलं, 'मुलांना खरे लिहायला कसे शिकवावे?' दोन्ही निबंध शेजारी शेजारी उतरवले, मुलीचं नाव घातलं, वस्तीचा उल्लेख केला, मध्ये स्वतःचे चिमटे पेरले. शेवटी लिहिलं, 'कल्पना आणि सत्य यांतला फरक मुलीला उमगला, याचे समाधान वाटते.'

पान गाजलं. वही अजून चिंचमळ्याला पोचलीही नव्हती, तरी रहिमतपूरच्या बाजारात तिथले दादासो गुरुजी लांबूनच ओरडले, "काय बाई, दोनशे सतरा!" पुढं पुढं तर केंद्रात ती म्हणच पडली. कुणी जरा फुगवून सांगू लागलं की दुसरा म्हणायचा, "दोनशे सतरा, गड्या, दोनशे सतरा!" बाई तोंडावर पदर धरून हसायच्या.

दिवाळीची सुट्टी संपली. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस जवळ आला आणि स्वप्ना नेमकी तापानं चार दिवस गैरहजर. अर्जावर पालकाची सही हवी होती. एरवी अशा वेळी ओढ्यापलीकडे निरोप जायचा आणि माणसं शाळेच्या ओट्याशी येऊन सही-अंगठा करून जायची. पटनोंदणीचे तक्तेसुद्धा बाईंनी चौदा वर्षं त्या ओट्यावर बसूनच भरले होते. त्यांना कुणी अडवलं नव्हतं, वस्तीला जाऊ नका असं कुणी म्हटलंही नव्हतं. जायचं नसतं, एवढंच जणू ठरलेलं. पण त्या दिवशी निरोप न्यायला कुणी नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज साताऱ्याला जायचे होते. हुशार पोरीचं वर्ष जायला नको म्हणून बाई स्वतः ओढा ओलांडून गेल्या. ही त्यांची चांगली बाजू, तीही सांगायला हवी.

घर दोन खोल्यांचं होतं. उंबऱ्यातच त्या थबकल्या.

समोरच्या भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या मारलेल्या होत्या. लाकडी खोक्यांच्या फळ्या, काहींवर अजून शाईचे ठसे दिसत होते. त्या फळ्यांवर पुस्तकं. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, प्रत्येकाच्या पाठीवर चौकोनी चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. वर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. कोपऱ्यात वाकळ पांघरून स्वप्ना झोपली होती.

"आवं बाई! या, या की आत." स्वप्नाचे आजोबा धोंडिराम लगबगीनं उठले. उंच, वाळकी देहयष्टी, अंगात स्वच्छ कोपरी. "लक्ष्मी, सतरंजी टाक. साळंतल्या बाई आल्यात."

बाई बसल्या. अर्ज पिशवीतून काढायचं राहून गेलं. डोळे भिंतीवरून हलेनात.

"ही... ही सगळी..."

"माझी." धोंडिराम हसले. "मिरजंला टेसनावर हुतो ना मी. तीस वर्सं. पार्सल हापिसात वजं उचलायची. टेसनाभायेर एक रद्दीवाला बसायचा, त्येच्याकडनं घ्यायचो. कुणी उतारू वाचून झालेलं तसंच द्यायचा. पगार झाला की लक्ष्मी म्हणायची, आधी ज्वारी आणा, मग कागदं आणा."

"न्हाई तर काय," आतून लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मिरजंस्नं गावाकडं आलो तवा लोकांनी भांडी आनली. आमी खोकी आनली. गाडीवान म्हणाला, म्हातारे, सोनं भरलंय का काय?"

धोंडिरामांनी अर्जावर सही केली. इंग्रजीत, वळणदार, खाली दोन रेघा ओढून. मग पेन टोपणात घालता घालता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी झोपलेल्या पोरीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा ना."

"दिवाळीच्या आधीपास्नं ही पोरगी एक घेऊन बसलीया. म्हनती, आजोबा, ही पुस्तकं आपली न्हाईत व्हय? म्या म्हणलं, आपलीच की. तर गप बसली. परत दोन दिसांनी तेच. मला वाटतंय, साळंत कुणी तरी बोललं आसंल की रेल्वेतनं उचलून आणली म्हणून." त्यांचा आवाज कापरा झाला. "बाई, चोरीचं एक न्हाई ह्यात. कुणाचं इसरलेलं सापडलं तर मी टेसनमास्तराकडं जमा करायचो. इकत घेतल्याली, न्हाई तर कुणी हातानं दिल्याली हायत समदी. पाहिजे तर दाखवतो, आत नाव हाय, तारीख हाय."

ते खरंच उठले आणि एक पुस्तक काढून उघडून बाईंच्या पुढं धरलं. पहिल्या पानावर नाव होतं, 'धों. रा. बनसोडे, मिरज', खाली एकोणीसशे एकसष्टची तारीख.

खरं सांगायची ती वेळ होती. बाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "नाही हो. शाळेत कुणी काही बोललं नाही."

"मग बरं," धोंडिराम म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांनी पुस्तक जागच्या जागी लावलं.

लक्ष्मीबाई उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "बाई, च्या केलाय. घ्याल का?" त्या 'का'मध्ये चौदा वर्षं होती. बाईंनी कप घेतला. चहा चांगला होता, आलं घातलेला.

"आमचा धाकला बी मास्तर झालाय," धोंडिराम आता मोकळे झाले होते. "प्रबुद्ध. जूनपास्नं खडीमाळच्या साळंवर हाय. तुमच्या बारा साळंची काय ती वही फिरती म्हणं? तो म्हणत हुता, आमच्याकडं कवा येती, वाट बघतोय."

खडीमाळ! वहीच्या यादीतली बारावी, शेवटची शाळा. वहीतला 'प्र. धों. बनसोडे' म्हणजे ह्याच घरातला, हे बाईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बनसोडे पुष्कळ असतात, असं धरून त्या चालल्या होत्या. खरं तर तेवढाही विचार केला नव्हता.

ओढा परत ओलांडताना त्यांच्या डोक्यात एकच होतं. वही खडीमाळला पोचायच्या आत गाठायची.

मुख्याध्यापक लालासाहेबांना त्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. "बाई, तुम्ही आणि रजा? सूर्य कुणीकडनं उगवला?" ते म्हणाले. बाईंनी सांगितलं, माहेरचं काम आहे. खोटं बोलायला त्यांना काहीच वेळ लागला नाही, हे त्यांच्या त्यांनाच लागलं.

हिशेबानं वही दहाव्या शाळेत, चिंचमळ्याला असायला हवी होती. वडापच्या जीपमध्ये सोळा माणसांत दाटून बसून बाई चिंचमळ्याच्या फाट्यावर उतरल्या. शाळेत दादासो गुरुजी पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते.

"या या, दोनशे सतरा!" ते म्हणाले.

महिनाभर हेच ऐकून त्या हसत होत्या.

"वही आहे का गुरुजी?"

"वही कालच गेली की गोरखवाडीला. त्यांचा शिपाई आला होता, म्हणला द्या, आमच्याकडं सगळे थांबलेत तुमच्या बाईंसाठी. मी म्हणलं, ने बाबा. का हो, काही सुधारायचं राहिलं काय?"

"हो. थोडं सुधारायचंय."

"आवं, सुधारू नका! आहे तेच झ्याक आहे. माझा शेरा वाचा नक्की. आमचे हेडमास्तर हसून हसून खोकायला लागले."

गोरखवाडी तिथून चार किलोमीटर. वडाप यायला तास होता. बाई उसाच्या कडेकडेनं चालत निघाल्या. तोडणीच्या टोळ्या आल्या होत्या, बैलगाड्या रस्ताभर. वाटेत दोन पालकांनी "बाई, कुणीकडं?" म्हणून विचारलं. बाईंनी नुसता हात हलवला.

गोरखवाडीच्या शाळेत रंगुबाई म्हणून शिक्षिका होत्या. त्यांनी वही लगेच काढून दिली. "वाचून झाली आमची. मी आज संध्याकाळी पाठवणारच होते खडीमाळला."

"मी पोचवते की," बाई पटकन म्हणाल्या. "तिकडंच चाललेय."

"बरं झालं. नाही तर तिकडं जायला माणूस मिळत नाही."

वही हातात आली. फाट्यावरच्या पिकअप शेडमध्ये बसून बाईंनी त्रेचाळिसावं पान उघडलं. दोन्ही समास भरलेले होते. दहा शाळांचे शेरे, निळ्या, काळ्या, हिरव्या शाईत.

'जिल्हा ग्रंथालय या मुलीच्या घरी हलवावे, ही विनंती.'

'बाई, पुढच्या निबंधात विमान असेल, तयारीत राहा.'

'आजोबा उपाशी मेले नाहीत म्हणजे मिळवली!'

आणि एक, नीटस अक्षरातला, 'या वस्तीतील मुलांना थापा मारण्याची सवय घरातूनच असते. बाईंनी वेळीच रोखले, अभिनंदन.' त्याखाली कुणी तरी 'सहमत' लिहिलं होतं. त्याखाली आणखी कुणी 'सहमत'.

हे शेरे कुणी कुणी भेटल्यावर तोंडी ऐकवले होते तेव्हा बाईंना गोड लागले होते. आता त्यांना वाटलं, हे आपणच लिहिलंय. अक्षरं वेगवेगळी, पण लिहायला जागा आपण करून दिली.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेडमध्ये एक म्हातारी शेळी धरून बसली होती, ती डुलक्या घेत होती. बाईंनी पान दोन बोटांत धरलं आणि शिलाईपासून सावकाश फाडलं. आवाज झालाच. म्हातारीनं डोळे उघडले, पुन्हा मिटले. पानाची चौघडी करून बाईंनी ती पर्समध्ये, आतल्या कप्प्यात घातली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना हायसंच वाटलं. संपलं, असं वाटलं.

खडीमाळची शाळा दोन शिक्षकी. मधली सुट्टी होती. प्रबुद्ध बनसोडे ओट्यावर बसून मुलांच्या पाट्या तपासत होता. पंचविशीचा, बापासारखाच उंच. बाईंना पाहून तो उभा राहिला.

"नमस्कार बाई. मी ओळखतो तुम्हांला. मी सातवीला होतो तेव्हा तुम्ही आमच्या गावच्या शाळेत आलात. ओट्यावर बसून तुम्ही माझं नाव लिहून घेतलं होतं, पटनोंदणीला."

बाईंना आठवेना. त्यांनी वही पुढं केली. "गोरखवाडीहून आणली. म्हटलं, वाटेवर आहे."

"साळोबावाडीहून खडीमाळ वाटेवर?" तो हसला नाही. नुसतं विचारलं. मग वही घेऊन त्यानं सरळ पानं उलटली. एकेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. शिलाईत अडकलेल्या कागदाच्या चिंधीवर त्यानं बोट ठेवलं.

"त्रेचाळीस नाही."

"हो का?" बाई म्हणाल्या. "बघितलं नाही मी. पोरांच्या हातात पडली असेल कुठं तरी."

प्रबुद्ध आत गेला आणि टेबलाच्या खणातून एक कागद घेऊन आला. समासातल्या शेऱ्यांसकट झेरॉक्स काढलेला, शाई पसरलेली, पण अक्षर ओळखू येण्यासारखं. बाईंचंच अक्षर. वर ठळक मथळा होता, 'नमुना अनुभवलेखन.'

"दिवाळीआधी साताऱ्यात नवीन शिक्षकांचं प्रशिक्षण झालं," तो म्हणाला. "नानासो साहेबांनी वाटला. साठ जणांना. काहीजण सांगलीकडून बदलून आलेले होते, त्यांनी जास्तीच्या प्रती मागून नेल्या, मित्रांना पाठवायला. साहेबांनी मला उठवलं होतं वाचायला. आवाज चांगला आहे म्हणाले."

बाई ओट्यावर बसल्या.

"तुम्ही... वाचलंत?"

"मुलीच्या नावापर्यंत वाचलं. मग खोकला आला म्हटलं. शेजारच्यानं पुढं वाचलं. लोक फार हसले, बाई. फार छान लिहिता तुम्ही."

यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पर्स मांडीवर होती. बाईंनी ती उघडली, चौघडी काढली आणि पाटीशेजारी ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मी काल तुमच्या घरी गेले होते."

"सांगितलं आबांनी. खूश होते. बाईंनी चहा घेतला म्हणाले."

"त्यांना तुम्ही हे..."

"नाही सांगितलं. आबांना वाटतं, कुणी तरी चोरीचा आळ घेतलाय. तेच बरं आहे. तीस वर्षं चोरीचा आळ चुकवत त्यांनी नोकरी केली, त्याची त्यांना सवय आहे. पण बाईंनी पुस्तकं असण्यावरच विश्वास ठेवला नाही, हे कळलं तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"तुम्ही नानासोंना का नाही सांगितलंत? तिथंच का नाही बोललात?"

प्रबुद्ध पहिल्यांदा चिडला. "काय बोलू? पुस्तकं आहेत, मी मोजलीत, असं? साठ माणसं म्हणाली असती, घरचाच आहे, हाही थापा मारतोय. समासात लिहिलंच होतं ना, सवय घरातूनच असते म्हणून. आम्ही कितीही वेळा दोनशे सतरा म्हटलं तरी ते खोटंच, बाई. तुम्ही एकदा म्हटलं तर खरं."

मुलं सुट्टी संपल्याची घंटा मारायला परवानगी मागत आली. त्यानं मान हलवली. घंटा झाली, पोरं वर्गात पळाली. तो आत गेला आणि डिंकाची बाटली घेऊन आला. फाटलेलं पान त्यानं उलगडलं, मांडीवर ठेवून तळहातानं घड्या सपाट केल्या आणि शिलाईतल्या चिंधीला काळजीपूर्वक चिकटवलं. आपल्या पुतणीची थट्टा असलेलं ते पान तो असं जपून चिकटवत होता की बाईंना बघवेना.

"फाडलेलं कुणाला कळायला नको," तो म्हणाला. "नियम आहे." मग त्यानं वही बाईंच्या पुढं ठेवली. "माझा वर्ग आहे. तुम्हांला लिहायचं असेल तर लिहा. नसेल तर ठेवा तशीच, मी सही करून पाठवतो."

बाई ओट्यावर एकट्या बसल्या. शेवटच्या लिहिलेल्या पानानंतरचं कोरं पान काढलं. ज्या हाताला पानंच्या पानं सुचायची त्याला एक ओळ जुळेना. पहिली दोन वाक्यं अशी आली की त्यांच्यातही थोडी गंमत होती, थोडी स्वतःची कीव होती. त्यांनी ती खोडली. मग लिहिलं :

'पान त्रेचाळीसवर मी लिहिलेले खोटे आहे. स्वप्ना बनसोडे हिच्या घरी दोनशे सतरा पुस्तके आहेत. मी ती पाहिली. चौदा वर्षांत मी तिच्या वस्तीत कधी गेले नव्हते, म्हणून मला माहीत नव्हते. तिने खरे लिहिले होते, ते मी तिला खोडायला लावले. हे पान मी फाडले होते, तेही मीच सांगते.'

खाली नाव, शाळा, तारीख.

प्रबुद्धनं वर्गातून बाहेर येऊन ते वाचलं. शेवटच्या वाक्यावर जरा थांबला. मग समासात फक्त सही केली. "वडाप आता तासाभरानं आहे," तो म्हणाला. "पाणी हवं का?"

वहीची नवी फेरी सुरू झाली. बारा शाळा फिरून ती साळोबावाडीला परत यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत बाजारात कुणी बाईंना लांबून हाक मारली नाही. दादासो गुरुजी एकदा समोर आले आणि घाईत असल्यासारखे टोमॅटोच्या ढिगाकडं वळले. नानासो संमेलनात भेटले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. भावनेच्या भरात असं लिहून ठेवू नये. वही वरपर्यंत जाते." वाटलेल्या साठ कागदांचं काय, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, "आता ते कुठं कुठं गेले कुणास ठाऊक."

वही आली तेव्हा बाईंनी पान उघडलं. बारा शाळांच्या सह्या होत्या. शेरा एकही नव्हता. त्रेचाळिसाव्या पानाचे समास मात्र तसेच भरलेले होते, 'सहमत'सकट. एकानंही आपला शब्द खोडला नव्हता.

पण हे नंतरचं. खडीमाळहून आल्यावर दोन दिवसांनी स्वप्ना बरी होऊन शाळेत आली, तेव्हाचं सांगायचं राहिलं.

बाईंनी तिला टेबलाशी बोलावलं. निबंधाची वही मागितली, लाल रेघेचं पान काढलं आणि अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "स्वप्ना, तुझं पहिलं लिहिलेलं खरं होतं. माझं चुकलं. मी तुमच्या घरी जाऊन बघितलं."

पोरीनं मान वळवून मागं वर्गाकडं पाहिलं. मुलं आपापसात कुजबुजत होती, एक जण पेन्सिलीला टोक करत होता. कुणाचंच लक्ष नव्हतं. मग तिनं पुन्हा बाईंकडं पाहिलं आणि वहीसाठी हात पुढं केला.

ती काय बघत होती हे कळायला बाईंना क्षणभर लागला. खोटं लिहिलंस म्हणताना आपला आवाज शाळेबाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला होता. चुकलं म्हणताना तो टेबलाच्या पलीकडंही गेला नाही.

बाई खुर्चीवरून उठल्या. पोरीचा हात धरावा असं वाटलं, पण ती परवानगी आपल्याला आहे का याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून नाही धरला. त्या टेबलाच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मुलांनो, पेन्सिली खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "मला सगळ्यांना एक सांगायचंय."

बत्तीस मुलांनी माना वर केल्या.